फोटो स्पष्ट झाला, पण ती आई राहिली नाही

पत्र

माझी आई गेल्या वर्षी गेली. तिचा एक फोटो आम्हां सगळ्यांना फार आवडतो. बागेतल्या बाकावर बसून ती कुणाकडे तरी बघत खळखळून हसतेय. फोटो वीसेक वर्षांपूर्वीचा, मामाच्या डिजिटल कॅमेऱ्यातला. बाबांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर तो चार फूट बाय तीन फूट करून लावायचा विचार आहे. खुर्चीपासून भिंत साधारण आठ फुटांवर. माझ्याकडे मामेबहिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी आहे, १६०० बाय १२०० पिक्सेल, १९० केबी. प्रिंटवाला म्हणाला, "तीनशे डीपीआय पाहिजे, नाहीतर फोटो फाटेल." कुणी सांगितलं, सॉफ्टवेअरमध्ये ७२ च्या जागी ३०० टाक. टाकलं, काही फरक पडला नाही. मग भाच्याने एआयच्या ॲपमधून फोटो चकचकीत करून दिला. पण आईच्या ओठाजवळचा तीळ गायब झालाय, पुढचा जरासा तिरका दात सरळ झालाय, आणि खरं सांगू? ती आई वाटतच नाही. एवढ्याशा फोटोची एवढी मोठी प्रिंट होऊ शकते, की नाद सोडून द्यावा? फोटो सोबत जोडला आहे.

— एक लेक

उत्तर

नाद सोडू नका. प्रिंट होईल आणि चांगली होईल. मात्र चार फुटांचा हट्ट थोडा सैल करावा लागेल. आणि त्याहीआधी एक शोधमोहीम आहे.

तुम्ही लिहिलेल्या आकड्यांतला १६०० मला खटकतो. मामांच्या कॅमेऱ्याचा म्हणून नाही. २ मेगापिक्सेलचे कॅमेरे १६०० बाय १२०० चाच फोटो काढत. पण व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या मोठ्या फोटोची लांब बाजूही आक्रसून साधारण १६०० पिक्सेलवरच आणली जाते. म्हणजे तुमच्या हातात आहे तो मूळ फोटो आहे की मोठ्या फोटोचं सुकवलेलं रूप, हे नुसत्या मापावरून कळत नाही. वजनावरून मात्र कळतं. कॅमेऱ्यातून थेट निघालेली २ मेगापिक्सेलची चांगल्या दर्जाची फाइल सहसा अर्धा एमबी ते एक एमबीच्या घरात असते. तुमची १९० केबी. म्हणजे वाटेत कुठेतरी ती पिळली गेली आहे, हे नक्की. तुम्ही जोडलेली फाइल उघडून मी तिची अंतर्गत माहितीही पाहिली: कॅमेऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. व्हॉट्सॲप ती पुसून टाकतं.

तेव्हा मामांना गाठा. जुनी मेमरी कार्डं, लिहून ठेवलेल्या सीड्या, अडगळीतल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क, त्या काळी कुणाला केलेला ईमेल, सगळं धुंडाळा. त्या वर्षांत ४ आणि ५ मेगापिक्सेलचे कॅमेरेही मिळत होते. मूळ फोटो ५ मेगापिक्सेलचा, म्हणजे २५९२ बाय १९४४ चा निघाला, तर तुमच्याकडे आताच्या अडीचपट पिक्सेल येतील, आणि तेही न पिळलेले. पुढे मी जे सांगणार आहे, त्या सगळ्या कारागिरीने मिळून जेवढं साधेल त्याहून जास्त या एका सीडीने साधेल. सापडलाच तर मामेबहिणीला म्हणावं, फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. मग तो जसाच्या तसा येतो.

आणखी एक जागा लोक विसरतात. त्या फोटोची पोस्टकार्डाएवढी प्रिंट कुणाच्या अल्बममध्ये असेल. डिजिटल फोटोची कागदी प्रिंट पुन्हा स्कॅन करायची म्हणजे उलटा प्रवास वाटेल, पण ६ बाय ४ इंचांच्या चांगल्या लॅब-प्रिंटमध्ये १८०० बाय १२०० पिक्सेलच्या आसपासचा तपशील असतो, आणि व्हॉट्सॲपने केलेले घाव त्यात नसतात. सपाट काचेच्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका. कागदाची चमक आणि कोपऱ्यातला बाक, दोन्ही त्यात उतरतात. प्रिंटचा कागद दाणेदार असेल तर मात्र स्कॅनमध्ये ते दाणेही येतील, आणि मग व्हॉट्सॲपची कॉपीच बरी म्हणायची वेळ येईल.

मूळ सापडला नाही असं धरूनच पुढचं लिहितो.

७२ च्या जागी ३०० टाकून काही झालं नाही, ते होणारच नव्हतं. तो आकडा म्हणजे फाइलला लावलेली चिठ्ठी. "हे पिक्सेल कागदावर इंचाला इतके मांडा," एवढंच ती सांगते. ताग्यात कापड तेवढंच आहे. मोजायला गज घेतला काय नि मीटर घेतला काय, कापड वाढत नाही. तुमच्याकडे आडवे १६०० पिक्सेल आहेत. इंचाला ३०० मांडले तर सव्वापाच इंचांत संपले. चार फुटांवर पसरले तर इंचाला ३३ येतात. प्रिंटवाला ज्याला डीपीआय म्हणतो ते खरं तर हे, इंचाला किती पिक्सेल. प्रिंटरच्या जाहिरातीत १४४०, २८८० असे आकडे असतात ते शाईच्या थेंबांचे. एका पिक्सेलचा रंग जुळवायला असे कितीतरी थेंब पडतात. दोन्हींची गल्लत सगळीकडे होते, लॅबमध्येही होते. मी स्वतः लॅबमध्ये कामाला लागलो तेव्हा पहिले काही महिने तीच केली.

मग ३०० आला कुठून? हातात धरलेल्या फोटोतून. धडधाकट डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक वेगळं दिसतं. फूटभर अंतरावर हे माप मिलिमीटरच्या अकराव्या हिश्श्याच्या आसपास येतं, आणि इंचात असे तुकडे २९० बसतात. म्हणून ३००. पण तुमचे बाबा खुर्चीत बसून भिंतीवरचा फोटो फूटभरावरून बघणार नाहीत. अंतर वाढलं की गरज त्याच प्रमाणात घटते. रस्त्यावरची मोठी होर्डिंगं इंचाला १५-२० पिक्सेलवरही छापतात, आणि खालून जाणाऱ्याला ती फाटलेली दिसत नाहीत.

हिशेबाची माझी पद्धत सोपी आहे. छापल्यावर एक पिक्सेल किती मिलिमीटरचा होईल ते काढा आणि त्याला ३.४ ने गुणा. जे उत्तर येईल तितक्या मीटरवरून पुढे पिक्सेल सुटे दिसत नाहीत. चार फुटांच्या प्रिंटमध्ये तुमचा एक पिक्सेल पाऊण मिलिमीटरचा. म्हणजे अडीच मीटरच्या थोडं पुढे, साडेआठ फूट. खुर्ची आठ फुटांवर आहे! तेव्हा प्रिंटवाल्याने घाबरवलं तितकी परिस्थिती वाईट नाही. खुर्चीतून पाहिलं तर चार फुटांचा फोटोही जवळजवळ निभावतो.

तरीही मी चार फूट करू नका म्हणतोय, कारण माणसं खुर्चीत बसून राहत नाहीत. निसर्गचित्र लोक लांबून बघतात. चेहरा बघायला, त्यातही गेलेल्या माणसाचा, ती उठून जवळ जातात. लॅबच्या काउंटरवर हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय: प्रिंट उलगडली की लोक आधी मागे सरकतात, मग वाकतात, मग नाक कागदाला लागेल इतके जवळ येतात. बाबाही येतील. हिशेब त्यांच्यासाठी करायचा.

म्हणून माझी शिफारस ३२ बाय २४ इंचांची. त्यात पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा होतो आणि पावणेदोन मीटरवरून, म्हणजे पावणेसहा फुटांवरून, तो विरघळतो. त्याहून जवळ आलात तर फोटो मऊ दिसेल, पण नीट तयारी केली असेल तर फाटलेला दिसणार नाही. या दोहोंत फरक आहे आणि त्याकडे वळणारच आहे. भिंत रिकामी वाटेल ही काळजी नको. प्रिंटभोवती पाच इंचांचा पांढरा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची कड, सोडा, बाहेर दीड इंचाची फ्रेम लावा, की सगळं मिळून ४५ बाय ३७ इंच होतं. तुमचे चार फूट बाय तीन फूट जवळजवळ भरले.

क्रॉप करू नका. कडेची झुडपं आणि बाकाची रिकामी बाजू कापावीशी वाटेल. पण रुंदी निम्मी केली की ८०० पिक्सेल उरतात आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. शिवाय ती रिकामी बाजू मला आवडली. आई त्याच दिशेला बघून हसतेय.

आता मऊ आणि फाटलेलं यातला फरक. १९७३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकनचा चेहरा अवघ्या अडीचशेच्या आसपास चौकोनांत मांडून दाखवला. प्रत्येक चौकोनात एकच करडी छटा. जवळून पाहिलं तर नुसत्या फरशा. डोळे किलकिले करा, किंवा मागे जा, आणि लिंकन समोर उभा! गंमत अशी की डोळे किलकिले केल्याने माहिती वाढलेली नसते, उलट कमीच झालेली असते. पण चौकोनांच्या धारदार कडा जातात, आणि चेहरा ओळखण्याच्या आड त्याच येत असतात. चित्र धूसर असलं तर मेंदू ते पुरं करून घेतो. त्यावर खोट्या रेघा ओढलेल्या असल्या की अडखळतो.

तेव्हा तुमचा शत्रू धूसरपणा नाही, कडा आहेत. त्या दोन जागांहून येतात. एक, फोटो ढोबळपणे ताणला की प्रत्येक पिक्सेलचा चौकोन दिसतो. दुसरी जास्त लबाड: जेपेग, म्हणजे फोटो पिळून लहान फाइलमध्ये साठवायची नेहमीची पद्धत. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पाडून प्रत्येक ठोकळा वेगळा पिळतं, आणि रंगाची माहिती तर बहुधा त्याच्या निम्म्याच बारकाईने ठेवतं. मोबाइलवर हे कळत नाही. ३२ इंचांच्या प्रिंटमध्ये असा एक ठोकळा चार मिलिमीटरचा होतो. तुमच्या फोटोत आईच्या गालावर आणि मागच्या आकाशात ते ठोकळे मला आत्ताच दिसताहेत. प्रिंटवाला ज्याला "फाटणं" म्हणतो त्यातलं निम्मं पाप पिक्सेल कमी असण्याचं नसतं, या ठोकळ्यांचं असतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मूळ मापातच ठोकळे आणि रंगीत ठिपके काढायचे, मग मोठं करायचं, धार (शार्पनिंग) शेवटी. बरेच जण उलटं करतात: मोठं करतात, मग घाण दिसते म्हणून पुसायला बसतात. तोवर ती चौपट झालेली असते.

एआयचं मी टाळत आलो, पण तुमचा खरा सल तोच आहे.

तुमच्या फोटोत आईचा चेहरा गालापासून गालापर्यंत मी मोजला. २०० पिक्सेल. एकेक डोळा चाळीसेक. तीळ जेमतेम ४. आता यंत्राच्या जागी उभं राहून बघा. त्याने लाखो चेहरे पाहिलेत. ओठाशेजारचे ४ काळे पिक्सेल त्याच्या लेखी तीळ नाही, जेपेगचा मळ आहे. तो पुसायचा, हेच त्याला शिकवलंय. दाताचंही तसंच. बहुतेक चेहऱ्यांत दात सरळ, म्हणून इथेही सरळ. ते तुमच्या आईचा चेहरा मोठा करत नव्हतं. तिच्या चेहऱ्याच्या ठिपक्यांशी जुळेल असा एक सरासरी, देखणा चेहरा नव्याने रंगवत होतं. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेल्या अशाच एका साधनाला बराक ओबामांचा ठोकळे पाडलेला फोटो दिला गेला, तर बाहेर एक गोरा माणूस आला. साधनं तेव्हापासून बरीच सुधारलीत. स्वभाव तोच आहे. जे फोटोत नाही ते ती शोधत नाहीत, रचतात. तुम्हाला ती आई वाटत नाही, यात तुमच्या नजरेची काही चूक नाही.

पण म्हणून एआय फेकून द्या असंही मी म्हणणार नाही. झुडपांची पानं त्याने रचली तर कुणाचं काय बिघडलं? बाकाच्या लाकडाच्या रेषा त्याने ओढल्या तर ओढू देत. पानाला कुणी ओळखत नसतं. तेव्हा माझी पद्धत दोन थरांची (लेयर). एकच फोटो दोनदा मोठा करायचा. खालचा थर साध्या गणिती पद्धतीने, बायक्युबिक किंवा लँक्झोस. ही शेजारच्या पिक्सेलांवरून मधल्या छटा काढते, मनाचं काही घालत नाही. वरचा थर एआयने. मग वरच्या थराला मास्क, म्हणजे हवा तो भाग झाकायचा पडदा, लावायचा आणि चेहरा, मान, हात एवढा भाग मऊ ब्रशने खोडून खालचा साधा थर उघडा करायचा. चेहरा फारच मऊ वाटला तर तिथे एआयचा थर २०-२५ टक्के परत येऊ द्या, पण ओठाजवळ शून्य. तीळ आणि दात हे तुमचे मैलाचे दगड. ते हलले की थांबा.

हे करायला महागडं काही लागत नाही. थर आणि मास्क गिम्प या फुकटच्या फोटो-सॉफ्टवेअरमध्येही होतात. एआयसाठी अपस्केल (Upscayl) नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं. घरचा फोटो कुणाच्या संकेतस्थळावर चढवायची गरज नाही. फोटोशॉप असेल तर मोठं करताना "प्रिझर्व्ह डिटेल्स २.०" हा पर्याय बघा. टोपाझ कंपनीचं गिगापिक्सेल हे फोटो मोठा करायचं सॉफ्टवेअर कुणाकडे असेल तर त्यातलं चेहरे नव्याने रचणारं "फेस रिकव्हरी" आधी बंद करा. भाच्याच्या हाताला कॉम्प्युटरची सवय दिसते. हे काम त्यालाच द्या, मात्र हे पत्र वाचायला लावून.

मोठं करताना थेट चौपट करा, ६४०० बाय ४८००. ते ३२ बाय २४ इंचांवर नेमके इंचाला २०० बसतात. खरी माहिती १६०० पिक्सेलांचीच आहे, हे विसरू नका. उरलेले पिक्सेल कडा गोलवण्यापुरते. दहा-दहा टक्क्यांनी वाढवत नेलं की फोटो जास्त चांगला मोठा होतो, असं कुणी सांगेल. जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातली समजूत आहे, सोडून द्या. आणि मधली प्रत्येक आवृत्ती टिफमध्ये, म्हणजे न पिळणाऱ्या फाइलमध्ये, साठवा. जेपेग पुन्हा पुन्हा साठवलात तर जे ठोकळे घासून काढले ते परत उगवतील.

सावल्या फार उजळू नका. आईच्या हनुवटीखाली अंधार आहे, तो राहू द्या. त्यात माहिती नाही, नुसते ठोकळे आहेत. उजेड पाडलात की तेच दिसतील.

धार लावताना हात आखडता ठेवा. अनशार्प मास्क (धार लावायचं नेहमीचं साधन) याची त्रिज्या या मापाला २-३ पिक्सेल, मात्रा थोडी, आणि फोटो पडद्यावर ५० टक्क्यांवर ठेवून बघत. मोठं केलेलं चित्र पूर्ण १०० टक्क्यांवर बघितलं की ते हमखास मऊ वाटतं आणि माणूस धार वाढवत सुटतो. मीही सुटलो होतो एकदा. एका गिऱ्हाइकाच्या आजोबांचा फोटो. मी इतकी धार लावली की कानामागे पांढरी कड उमटली. गिऱ्हाईक बराच वेळ बघत राहिलं आणि शांतपणे म्हणालं, "आजोबांच्या मागे प्रभावळ कशाला काढलीत? ते तर तापट होते." प्रिंट पुन्हा करून दिली.

शेवटी थोडा दाणा पेरा. हे ऐकायला उफराटं वाटतं, इतका मळ काढल्यावर पुन्हा मळ घालायचा. पण मोठा केलेला चेहरा मेणाचा दिसतो, कारण कातडीवर बारीक असं काहीच उरलेलं नसतं. एकरंगी नॉइज (बारीक ठिपके), दोन-तीन टक्के, सगळ्या फोटोवर सारखा. डोळ्याला टेकायला काहीतरी मिळतं आणि तो धूसरपणा विसरतो. शिवाय साध्या थराचा चेहरा आणि एआयची झुडपं यांच्यातला सांधा त्याने बुजतो. हा माझा सगळ्यात आवडता टप्पा.

कागद मॅट घ्या. ग्लॉसी कागद आणि ॲक्रिलिकची काच बारकावा खुलवतात, आणि तुमच्या फोटोत खुलवण्याजोगा बारकावा नाही. कॅनव्हासची वीण अशा फोटोचे बरेच दोष पोटात घालते, पण ४ पिक्सेलांचा तीळही कदाचित घालेल. म्हणून तो माझ्या यादीत दुसरा. लॅबला फाइल देताना लिहून द्या: माप बदलू नका, ऑटो-करेक्शन लावू नका, धार लावू नका. त्यांच्याकडच्या मशीनवर हे सगळं बहुधा आपोआप चालू असतं आणि मग तुमच्या महिनाभराच्या कष्टांवर आणखी एक यंत्र हात फिरवतं.

वर मी मऊ मऊ म्हणतोय ते प्रत्यक्षात कसं दिसेल, याचा अंदाज घरीच घेता येतो. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर एक पिक्सेल साधारण पाव मिलिमीटरहून किंचित मोठा असतो. मूळ फोटो १८० टक्क्यांवर उघडा, की पडद्यावर आईचा चेहरा प्रिंटमध्ये येईल तेवढाच, दहा सेंटिमीटर रुंदीचा दिसेल. सहा फूट मागे जाऊन बघा. आत्ता, काही न करता. मला वाटतं अर्धी भीती तिथेच जाईल. ती गेली नाही तर हेही सांगतो: अमेरिकी इंजिनिअर रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये कॉम्प्युटरला पहिल्यांदा जो फोटो स्कॅन करून दिला, तो त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा होता. अख्खा फोटो १७६ बाय १७६ पिक्सेलांचा. तुमच्या आईच्या एका चेहऱ्याला त्याहून जास्त मिळालेत, आणि त्या फोटोतलं बाळ आजही बाळच दिसतं.

एवढं करूनही मोठी प्रिंट लगेच काढू नका. तयार फाइलमधून फक्त चेहरा आणि खांद्याचा ए४ एवढा तुकडा कापा, माप न बदलता, म्हणजे चेहरा अंतिम प्रिंटमध्ये असेल तेवढाच राहील. असे तीन तुकडे छापून घ्या: एक नुसता साध्या थराचा, एक एआय २५ टक्के मिसळलेला, एक भाच्याने केलेला. तिसरा कशाला, असं तुम्ही म्हणाल, घ्याच. तिन्ही त्याच मॅट कागदावर, त्याच लॅबमधून. खुर्चीसमोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या, सकाळच्या उजेडात नि रात्रीच्या दिव्यात.

कुठला तुकडा कसा केलाय, ते बाबांना सांगू नका. ते उठून ज्याच्या जवळ जातील, त्याचीच मोठी प्रिंट काढा.